मोठ्या माणसांची पंगत

कुणी मोठा माणूस गेल्याची बातमी आली की लोक विचारतात, "कशाने गेले हो?" काही जण वय विचारतात. द्वारकाकाकू विचारायच्या, "काय आवडायचं हो त्यांना जेवायला?"

हा प्रश्न पहिल्यांदा ऐकला तेव्हा आम्हाला डोंबिवलीत त्यांच्या वाडीत राहायला येऊन आठवडासुद्धा झाला नव्हता. स्वातंत्र्य मिळून दोन-तीन वर्षं झाली असतील. स्टेशनच्या पूर्वेला तेव्हा घरं कमी आणि भातखाचरं जास्त होती. मी ठाण्याला सरकारी कचेरीत कारकून, बायको सुमन, आणि आमच्या दोन खोल्या. मधे विहीर, विहिरीपलीकडे घरमालकीणबाईंचं घर. सकाळी काकू ओटीवर तांदूळ निवडत बसल्या होत्या. मी पायरीवर पेपर वाचत होतो. नवा भाडेकरू म्हणून काहीतरी बोलावं, म्हणून मी म्हटलं, "अर्थशास्त्राचे ते मोठे प्रोफेसर गेले, काकू."

"अगं बाई! काय आवडायचं हो त्यांना जेवायला?"

मी पुन्हा बातमी वाचली. "तसं काही दिलेलं नाही."

"मग काय दिलंय?"

"चलनफुगवट्यावर त्यांनी मोठा ग्रंथ लिहिलाय म्हणे."

"तो काय पानात वाढायचाय? फोटो आहे का? बघू."

त्यांनी पेपर हातभर लांब धरला, मग नाकाशी आणला. प्रोफेसरांच्या चेहऱ्यावर बोट फिरवलं आणि निकाल दिला. "गोड खाणारा माणूस. हनुवटी बघा ना. पण मरायच्या आधी बरीच वर्षं डॉक्टरने गोड बंद केलेलं असणार. म्हणून डोळे असे रागावलेत. ठीक आहे. पुरणपोळी."

आणि त्या पुन्हा तांदूळ निवडायला लागल्या. काम मार्गी लागल्यासारखा त्यांचा चेहरा होता. मी घरात येऊन सुमनला सांगितलं, "बाई जरा वेगळ्या आहेत." सुमन म्हणाली, "भाडं वेळेवर द्या म्हणजे झालं."

पुढे भाद्रपद आला तेव्हा सगळा उलगडा झाला. सर्वपित्री अमावास्येला द्वारकाकाकू पंगत घालायच्या. आपल्या पितरांची नव्हे. गेल्या अमावास्येपासून या अमावास्येपर्यंत जे जे मोठे लोक गेले, त्या सगळ्यांची. ओटीवर आणि पुढच्या अंगणात केळीची पानं मांडायची, एकेक पान एकेका मोठ्या माणसाचं, आणि त्यावर वाडीतला एकेक जिवंत माणूस बसवायचा. ज्याला जे आवडत असे ते त्याच्या पानात. बसणाऱ्याच्या आवडीचा काही संबंध नाही.

"आज तुम्ही तुम्ही नाही," त्या बजावायच्या. "तुम्हाला कारलं आवडत नाही हे मला ठाऊक आहे. त्यांना आवडायचं. खा."

त्या वर्षी कोण कोण होतं त्यांची नावं मी सांगत नाही. त्यांच्या घरची मंडळी अजून आहेत, आणि आपले आजोबा मरणानंतर डोंबिवलीला जेवून गेले हे त्यांना माहीत नाही. पण एक नामांकित पहिलवान होते, एक समाजसुधारक होते, आणि ते आपले प्रोफेसर. माझ्या शेजारच्या खोलीतले गोडबोले, बँकेतले, वजनाला फार तर ओल्या टॉवेलाएवढे, त्यांना काकूंनी पहिलवानांच्या पानावर बसवलं. मला वाटलं, मला प्रोफेसर मिळणार. वासावरून मी मनातल्या मनात पुरणपोळीची तयारी केली होती. पण तिथे सुमन बसली, आणि मी समाजसुधारक झालो. समाजसुधारक तीस वर्षं उकडलेला दुधी आणि भिजवलेले शेंगदाणे यांवर राहत होते.

"काकू, जरा तूप?"

"त्यांनी कधी घेतलं नाही."

डाव्या बाजूला गोडबोल्यांच्या पानात बासुंदीची वाटी रिकामी झाली की काकू पुन्हा भरत होत्या. तिसऱ्या वाटीला गोडबोल्यांनी हात आडवा केला. काकूंनी तो बाजूला सारला. "मोठा माणूस होता, गोडबोले. त्यांना लाज आणू नका." गोडबोले दुसऱ्या दिवशी बँकेत गेले नाहीत.

आणखी एक नियम होता. पहिला घास घेण्याआधी प्रत्येकाने आपापल्या मोठ्या माणसाबद्दल एक गोष्ट सांगायची. भाषण नको. "थोर होते, महान होते असलं म्हणालात तर पान उचलीन." त्यामुळे श्राद्धपक्ष जवळ आला की वाडीतले लोक ग्रंथालयात जाऊन मृत्युलेख चाळायचे. एरवी ज्यांचा वाचनाशी संबंध वाण्याच्या पुडीपुरता होता, ते गोडबोले मला विचारायचे, "यंदा कोणी मिठाईवाला गेलाय का हो चांगला?"

मी एकदा काकूंना विचारलं, "हे सगळं कशासाठी?"

"कशासाठी म्हणजे? सभा होते, फोटोला हार घालतात, दोन मिनिटं उभे राहतात. एवढं देशासाठी राबलेला माणूस, त्याच्यापुढे नुसतं उभं राहून काय होणार? माझ्या गावावरून गेला तर जेवून जाऊ दे."

आपटेगुरुजींना मात्र हे पटत नसे. आपटेगुरुजी म्हणजे आमच्या भागाचे भटजी. शास्त्राला कडक, अंगाने उंच, आवाजाने त्याहून उंच. त्या दिवशी त्यांना घरोघरी बोलावणी असायची, पण सगळी आटोपून ते काकूंच्या अंगणात यायचेच. हरकत घ्यायला.

"द्वारकाबाई, गोत्र ठाऊक नाही, नातं नाही, त्यातून तुम्ही बाईमाणूस. कोणत्या अधिकारात श्राद्ध करता?"

"मी कुठे श्राद्ध करतेय? मी वाढतेय. वाढायला अधिकार लागतो का, गुरुजी?"

"पण अमावास्येला..."

"अमावास्येला माणसं जेवत नाहीत का? हे पान रिकामं आहे, बसा."

एका वर्षी ते रिकामं पान एका खाँसाहेबांचं निघालं. काकूंच्या घरात लसूणसुद्धा विचारून यायचा. पण खाँसाहेबांना शीरखुर्मा आवडत असे असं पेपरात चक्क छापून आलेलं. काकू कल्याणला दूधनाक्याच्या मोहल्ल्यात गेल्या, ओळख ना पाळख, एका घरात शिरून तिथल्या बाईकडून करायला शिकून आल्या. रेशनचे दिवस, साखर मोजून मिळायची. वाडीतल्या प्रत्येक घराने आपल्या वाट्यातली थोडी थोडी आणून दिली. गुरुजी बसले. पानात काय आहे ते त्यांना कुणी सांगितलं नाही. दोन वाट्या झाल्यावर मान हलवून म्हणाले, "शेवयांची खीर आज काही और झालीय." काकू म्हणाल्या, "खाँसाहेब, अजून घ्या." गुरुजींचा हात वाटीतच थांबला. ते काकूंकडे बघत राहिले, मग वाटीकडे बघितलं, आणि म्हणाले, "पानात टाकायचं नसतं." आणि संपवली.

काकूंचा सगळा कारभार अंदाजाने चालायचा असं मात्र कुणी समजू नये. फोटोवरून हनुवटी वाचणं हा शेवटचा उपाय. जमलं तर त्या चौकशी करायच्या. कल्याणला पारनाक्याशी एक मोठे भाषापंडित राहत. मराठीत परका शब्द शिरला की त्यांना ताप चढायचा म्हणत. ते गेले तेव्हा काकू मला घेऊन त्यांच्या घरी गेल्या. बाहेर बैठकीत विद्वान मंडळी बसली होती, त्यांच्या कार्याचं मोजमाप चाललेलं. मी तिथे टेकलो. काकू सरळ स्वयंपाकघरात. लोकांना वाटलं नात्यातल्या असतील.

थोड्या वेळाने आतून हसण्याचा आवाज आला. सुतकाच्या घरात! बैठकीतल्या माना आतल्या दाराकडे वळल्या. मग हसता हसता रडण्याचा आवाज आला. मी घाबरून दारापर्यंत गेलो. पंडितांच्या पत्नी काकूंचा हात धरून बसल्या होत्या.

"बिस्किटं हो," त्या सांगत होत्या. "चहात बुडवून. रोज चार वाजता. पण तो शब्द तोंडाने काढायचे नाहीत. नुसतं डब्याकडे बोट दाखवायचे." डोळे पुसत म्हणाल्या, "इतके दिवस लोक येताहेत. शब्दकोशाचं पुढे काय, विचारतात. हे कुणी विचारलं नाही."

त्या अमावास्येला केळीच्या पानावर वरणभाताच्या शेजारी दोन बिस्किटं आणि चहाचा पेला होता. आपटेगुरुजींनी कपाळावर हात मारला. पण त्या पानावर बसलेल्या गोडबोल्यांनी बिस्किटं मागताना नुसतं बोट दाखवलं, आणि सगळी पंगत इतकी हसली की गुरुजींनाही हसावं लागलं.

आता द्वारकाकाकूंच्या घरच्या गोष्टीकडे येतो. ती वाडीत सगळ्यांना माहीत होती आणि कुणी बोलत नसे.

काकूंच्या कपाळावर रुपयाएवढं कुंकू असे, गळ्यात मंगळसूत्र असे, आणि घरात नवरा नव्हता. दत्तात्रय बेहेरे कल्याणला रेल्वेच्या मालधक्क्यावर नोकरीला होते. गळा गोड. लग्नाला तीन-चार वर्षं झाली असताना कल्याणला एक नाटक कंपनी मुक्कामाला आली. ती गेली तेव्हा बेहेरेही तिच्याबरोबर गेले. सासू-सासरे होते तोवर काकूंनी त्यांचं केलं. ते गेल्यावर खोल्या भाड्याने दिल्या, पापड-मेतकूट केलं, आणि ताठ मानेने राहिल्या. नवऱ्याचा विषय निघालाच तर त्या लपवाछपवी करत नसत. रेशनच्या रांगेत साखरेचा भाव सांगावा अशा आवाजात सांगायच्या, "नाव झालं की येतो म्हणून सांगून गेलेत."

ही गोष्ट वीस-बावीस वर्षांपूर्वीची. पण काकू ती काल घडल्यासारखी सांगायच्या, आणि ऐकणारा माणूस नकळत रस्त्याकडे बघायचा.

मी रोज सकाळी त्यांना पेपर वाचून दाखवत असे. चष्मा होता, पण तो त्यांना पटत नसे. नाटकांच्या जाहिराती आल्या की त्या म्हणायच्या, "तेसुद्धा वाचा." नटांची नावं मी वाचायचो. काकू ऐकायच्या आणि म्हणायच्या, "बरं, पुढे." मला वाटायचं नाटकाची आवड असेल. एकदा सुमन म्हणाली, "तुम्हाला काहीच कसं कळत नाही?" तेव्हा कळलं.

मग ते वर्ष आलं. मोठ्या माणसांना ते भलतंच वाईट गेलं. पावसाळ्याआधी दोन पुढारी, एक चित्रकार, एक वैद्य. पाऊस सुरू झाल्यावर आणखी चौघे. काकू देवावर चिडल्या. "एकेकाला न्यावं ना! एकदम इतक्यांचं करायचं कुणी? चूल एक, मी एकटी." गोडबोल्यांनी आतापासूनच पोट सांभाळायला सुरुवात केली. सुमनने आपली मोठी पातेली काकूंकडे नेऊन ठेवली.

श्रावण संपता संपता एका सकाळी मी ओटीच्या पायरीवर पेपर उघडला. काकू परातीत मेतकूट चाळत होत्या. आतल्या पानावर खाली छोटी बातमी होती. मी नेहमीसारखी वाचत गेलो. "एके काळचे गाजलेले गायक नट दत्तोबा कल्याणकर यांचे मिरज येथे निधन झाले. संगीत रंगभूमीच्या वैभवाच्या काळात त्यांची पदे घरोघरी गायली जात. त्यांचे मूळ नाव दत्तात्रय..."

पुढचं आडनाव डोळ्यांना दिसलं आणि मी वाचायचा थांबलो.

"वाचा ना," काकू म्हणाल्या.

"दत्तात्रय बेहेरे असे होते."

चाळणी थांबली. विहिरीवर कुणीतरी पोहरा सोडला होता, रहाटाची करकर ऐकू येत राहिली. कल्याणकर हे नाव मी त्यांना कितीदा वाचून दाखवलं होतं! जुन्या नाटकांच्या आठवणी छापून येत त्यात ते असायचंच. त्या बेहेऱ्यांची वाट बघत होत्या, आणि म्हणायच्या, "बरं, पुढे."

"फोटो आहे?" त्यांनी विचारलं.

"नाही."

काकूंनी चाळणी पुन्हा हलवली. "हे ते नव्हेत."

"काकू..."

"दत्तात्रय बेहेरे काय एकच असतो? आणि हे बघा, वसंतराव. नाव झालं की येतो म्हणून सांगून गेलेत. या माणसाचं नाव झालेलं होतं. घरोघरी गात होते म्हणे. ते जर हे असते, तर आले नसते का?"

बोलणं इतकं ठाम होतं की मला क्षणभर ते खरंच वाटलं. काकू उठल्या, मेतकूट डब्यात भरलं, झाकण लावलं. आत जाता जाता म्हणाल्या, "पण नट मोठा होता. यंदाचा आहे. पान मांडायला हवं."

वाडीत दुपारपर्यंत बातमी पसरली. बायकांची पंचाईत झाली. भेटायला जायचं की नाही? काकूंना सुतक धरायचं की नाही? त्या कुंकू लावून समोर पाणी भरताहेत, त्यांना काय म्हणायचं? शेवटी सुमन आणि गोडबोलेवहिनी आपटेगुरुजींकडे गेल्या. मीही बरोबर होतो. मला खात्री होती, गुरुजी पोथी काढतील आणि मग कुणाचं काही चालणार नाही.

गुरुजींनी सगळं ऐकून घेतलं. पंच्याच्या टोकाला गाठ मारली, सोडली.

"बाई काय म्हणतात?"

"हे ते नव्हेत म्हणतात," सुमन म्हणाली.

"मग नव्हेत. जिची ओळख, तिने पटवायची. ओळख पटली नाही तर सुतक नाही."

"असं शास्त्रात आहे?" मी विचारलं.

"मी सांगतोय," गुरुजी ओरडले. "तुम्हाला शास्त्र हवंय की उत्तर?"

राहिला प्रश्न पानात काय वाढायचं याचा. माझ्या कचेरीतल्या एकाने सांगितलं, ठाण्यात तळ्याजवळ एक अण्णा राहतात, नाटक कंपनीत ऑर्गन वाजवायचे, ते कल्याणकरांबरोबर गावोगाव हिंडलेत. मी काकूंना सांगितलं. एकट्यानेच जाऊन यावं असं माझ्या मनात होतं. काकू इस्तरीचं पातळ नेसून तयार.

अण्णा सत्तरीचे, हसरे, कानाने जरा कमी. त्यांना वाटलं आम्ही जुन्या नाटकांचे शौकीन आहोत. ते लगेच कल्याणकरांनी हुबळीला किती 'वन्समोर' घेतले ते सांगायला लागले. काकूंनी त्यांना मधेच थांबवलं. "काय आवडायचं हो त्यांना जेवायला?"

"काय?"

"जेवायला!"

अण्णा हसले. "बाई, हे अजून कुणी विचारलं नव्हतं. अहो, कंपनीत त्यावरून थट्टा चालायची. डाळिंब्यांची उसळ! जिथे मुक्काम तिथे आचाऱ्याला वाल सोलायला बसवायचा. उसळ पानात आली की एक घास घ्यायचा, म्हणायचा 'तशी नाही', आणि पान सरकवायचा. सातारा, नागपूर, धारवाड. सगळीकडची 'तशी नाही'. कशी हवी, ते काही सांगता यायचं नाही त्याला."

काकू मांडीवर हात ठेवून ऐकत होत्या. "गावाकडे जात नव्हते का कधी?" त्यांनी विचारलं. एखाद्या परक्या माणसाबद्दल विचारावं तसं.

"तीच तर गंमत! नाव लावलेलं कल्याणकर, आणि कल्याणचा मुक्काम ठरला की याचा घसा बसायचा. ठाण्याला आला तरी बसायचा. मालक संतापायचे. मी एकदा विचारलं, अरे, ज्या गावाचं नाव लावतोस तिथे गात का नाहीस? तर म्हणाला, 'अण्णा, अजून जरा नाव होऊ दे.' किती व्हायला हवं होतं कुणास ठाऊक! मग बोलपट आले. कंपनी बुडाली. होतं ते नावही गेलं. मिरजेला एका शिष्याकडे होता शेवटी. चांगला होता हो माणूस. नुसता भित्रा."

मी काकूंकडे बघायचं टाळलं. काकू म्हणाल्या, "उसळीत ओलं खोबरं?"

"ते काही मला आठवत नाही, बाई."

"घालतात," काकू म्हणाल्या, आणि उठल्या.

परत येताना त्यांनी ठाण्याच्या बाजारात कडवे वाल घेतले. वाणी मापात हात मारतो म्हणून त्याच्याशी भांडल्या. भांडण जिंकल्या. गाडीत मला म्हणाल्या, "भित्रा काय! कलावंतांचा घसा बसतोच." मग डोंबिवलीपर्यंत वालाची पुडी मांडीवर धरून बसल्या.

अमावास्येला ओटी, अंगण, आमच्या खोल्यांपुढची पडवी, सगळीकडे पानं मांडली होती. एवढी मोठी पंगत आधी कधी झाली नव्हती. निम्म्या वाडीने रजा टाकल्या. काकू पहाटेपासून चुलीपाशी होत्या, सुमन आणि वहिनी हाताखाली. बाहेर आल्या तेव्हा सगळ्या बायकांचे डोळे आधी त्यांच्या कपाळाकडे गेले. कुंकू जागच्या जागी होतं. आपटेगुरुजी उभेच होते. त्यांनी घसा खाकरला. या माणसाला बोलल्याशिवाय राहवत नाही, आता घात होणार, असं वाटून मी पुढे झालो. गुरुजी सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "मोठ्या माणसांना वाढायचंय. सवाष्णीच्याच हातचं हवं. चला, बसून घ्या."

आम्ही बसलो. मी चित्रकार झालो होतो; मासे खाणारा माणूस, म्हणून माझ्या पानात केळफुलाची भाजी होती आणि "तेच समजा" असा हुकूम होता. ओटीच्या टोकाला एक पान कुणी न बसलेलं होतं. गोडबोले तिकडे सरकायला लागले.

"ते असू दे," काकू म्हणाल्या. "ते मी बघते."

एकेकाने आपापली गोष्ट सांगितली. वैद्यबुवांची झाली, पुढाऱ्यांची झाली. रिकाम्या पानापाशी येऊन ओळ थांबली. अण्णांनी सांगितलेली हुबळीची गोष्ट मी सांगावी की काय, असा विचार मी करत होतो. तेवढ्यात काकू हातात पळी घेऊन उभ्या होत्या तशाच म्हणाल्या, "गळा चांगला होता."

तो त्यांनी कुठे ऐकला, हे कुणी विचारलं नाही.

जेवण झकास झालं. गोडबोल्यांनी एका दिवंगत पुढाऱ्याच्या नावावर चार जिलब्या जास्त घेतल्या आणि ते पक्षाचं धोरण होतं म्हणून सांगितलं. हात धुऊन मंडळी पांगली. गुरुजी सुपारी कातरत अंगणात बसले. पानसुपारीचं तबक परत द्यायला मी ओटीवर गेलो, तर सुमन दाराआड उभी होती. तिने मला हाताने थांबवलं.

काकू त्या टोकाच्या पानावर जेवायला बसल्या होत्या. वाढलेलं पान तसंच होतं. भात, वरण, डाळिंब्यांची उसळ, वर ओलं खोबरं. जुन्या बायका नवऱ्याचं जेवण झालं की त्याच्याच पानात बसायच्या. माझ्या आईला मी तसं जेवताना पाहिलंय. काकू शांतपणे, घाई न करता जेवत होत्या. दिवसभर सगळ्यांना वाढलं, पण आता त्यांना वाढायला कुणी नव्हतं. सुमन पुढे झाली. उसळीचं पातेलं उचलून पानापाशी बसली.

"काकू, थोडी वाढू?"

काकूंनी वर बघितलं. सुमन घरचीच असावी तसं पान तिच्याकडे सरकवलं.

"वाढ. आणि जरा मीठ आण गं," त्या म्हणाल्या. "यांना वरून लागायचं."